छोटीची पुढची तारीख

छळ झालेल्या किंवा निराधार मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीसमोर येणाऱ्या मुलाच्या अर्जात वयाची एक चौकट असते आणि तिच्यापुढे ‘वर्षे’ हा शब्द आधीच छापलेला असतो. छोटीच्या अर्जावर तो शब्द खोडून मी पेनाने ‘महिने’ असे लिहिले होते. अकरा महिने. तिची फाइल बंद झाली त्या दिवशी ती अठरा महिन्यांची होती. मधल्या सात महिन्यांत आम्ही मोठ्या माणसांनी तिच्यासाठी काय केले आणि काय करायचे राहून गेले, याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

‘छोटी’ हे तिचे खरे नाव नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करता येत नाही, आणि तो नियम मला मनापासून पटतो. म्हणून गाव, दवाखाना, शिशुगृह, समिती, कशाचेच नाव इथे येणार नाही, आणि काही तपशील मी मुद्दाम बदललेले आहेत. माझ्याविषयी इतकेच सांगते की मी नागपुरात राहते आणि गेली चौदा वर्षे बाल कल्याण समितीसाठी गृहभेटी देऊन सामाजिक तपासणी अहवाल लिहिते.

नोव्हेंबर होता. काटोलच्या पुढच्या एका खेड्यातून छोटीला सरकारी दवाखान्यात आणले गेले तेव्हा तिचा डावा हात मोडलेला होता. एक्स-रेमध्ये आधी कधीतरी मोडून अर्धवट भरून आलेली एक बरगडीही दिसली, आणि ते पाहून तरुण डॉक्टरांनी पोलिसांना कळवले. बापाने दारूच्या नशेत तिला खाटेवरून ओढले होते. आधीच्या वेळीही तोच होता. आई एकवीस वर्षांची. तिने पहिल्या वेळी कुणालाच सांगितले नव्हते. कायद्याप्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बाळ समितीसमोर यावे लागते, तसे ते आले. हाताला प्लास्टर आणि अंगाभोवती आजीच्या जुन्या लुगड्याचे दुपटे. समितीने तिला शिशुगृहात ठेवण्याचा आदेश दिला. बापावर गुन्हा नोंदवला गेला आणि आई माहेरी आजीकडे गेली. त्या दिवशीचा तो आदेश योग्यच होता, असे मला आजही वाटते.

मी दुपट्याचा उल्लेख केला, कारण पुढची गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे. शिशुगृहात बाहेरून येणारे प्रत्येक कापड गरम पाण्यात जंतुनाशक टाकून धुतले जाते. तिथे वीस-पंचवीस तान्ही मुले एका छताखाली असतात, एकाला झालेले जुलाब दोन दिवसांत सगळ्यांना होतात, त्यामुळे हा नियम करणाऱ्याला बोल लावता येणार नाही. दुपटे धुतले गेले, दोन दिवस वाळले, आणि घडी होऊन छोटीच्या पाळण्यात आले. तिने ते नाकाशी नेले आणि बाजूला ढकलले. ही गोष्ट रात्रपाळीच्या मावशींनी मला सांगितली, पण तीही पाच महिन्यांनी, कारण तोवर त्यांना कुणी विचारलेच नव्हते. त्या म्हणाल्या, “मॅडम, तिनं हुंगलं अन् टाकून देल्लं. मग रातभर झोपली नाही. मले वाटलं, हात दुखत असन.”

आईला भेटीची परवानगी होती. बुधवारी दुपारी दोन ते चार. तिसऱ्या बुधवारी मी निरीक्षणासाठी हजर होते. गणेशपेठच्या एसटी स्टँडवर उतरून, तिथून ऑटोचे पैसे वाचवण्यासाठी पायी चालत आलेली ती मुलगी (तिला बाई म्हणायला माझी जीभ वळत नाही) घामेजलेल्या चेहऱ्याने बाकावर बसली होती. मावशींनी छोटीला आणून तिच्या मांडीवर ठेवले. छोटीने तिच्याकडे पाहिले, मान फिरवली आणि किंचाळून रडू लागली. आईने दोन-चार वेळा थोपटले, मग तिचे हात थांबले आणि ती भिंतीकडे पाहत राहिली. वीस मिनिटांनी मावशी बाळाला परत घेऊन गेल्या. मी घरी येऊन अहवालात लिहिले : ‘मातेच्या कुशीत बालिका अस्वस्थ होते. माता व बालिका यांच्यात जिव्हाळ्याचे नाते दिसून येत नाही.’

जे मला दिसले ते मी प्रामाणिकपणे लिहिले होते. मला दिसले नव्हते ते असे की दुपारी दोन ते चार ही छोटीची झोपेची वेळ होती आणि दर बुधवारी तिला गाढ झोपेतून उठवून आणले जात होते. शिशुगृहातल्या मावशींना ते ठाऊक होते. परंतु भेटीची वेळ कार्यालयाच्या सोयीने ठरलेली होती आणि झोपेची वेळ पाळण्यांच्या खोलीतल्या तक्त्यावर लिहिलेली होती, आणि ते दोन कागद एकमेकांसमोर कधी आलेच नाहीत. माझे ते एक वाक्य मात्र फाइलीत राहिले आणि पुढच्या प्रत्येक तारखेला वाचले गेले.

तारखांविषयी थोडे सांगायला हवे. समितीने महिन्यातून किमान वीस दिवस बसावे, सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत पुरी व्हावी आणि मूल पहिल्यांदा हजर झाल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, असे २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो. कायदा लिहिणाऱ्यांनी मुलाच्या वयाचे भान ठेवले होते यात शंका नाही. पण छोटीच्या फाइलीचे असे झाले की एका तारखेला दवाखान्याचा अहवाल आलेला नव्हता. पुढच्या तारखेला अंतिम आदेशासाठी लागणारे तीन सदस्य उपस्थित नव्हते. त्यानंतरच्या तारखेला कापूसवेचणीची मजुरी बुडवून निघालेल्या आईची एसटी वाटेत बंद पडली आणि पुकारा होऊन गेल्यावर ती दारात पोहोचली. फाइलीवर ‘माता गैरहजर’ असा शेरा पडला. प्रत्येक वेळी कारण खरे होते, आणि प्रत्येक वेळी फाइल पुढच्या महिन्यात गेली.

आता हिशोब मांडून पाहा. अकरा महिन्यांच्या बाळाच्या दृष्टीने एक महिना म्हणजे आजवरच्या सगळ्या आयुष्याचा अकरावा हिस्सा. माझे वय तेव्हा पंचावन्न होते; त्या मापाने माझी पाच वर्षे. पाच वर्षे मला माझ्या घरापासून दूर ठेवून, ज्या माणसांना मी कधी पाहिले नाही त्यांच्या हाती देऊन, मग एखाद्या दुपारी झोपेतून उठवून माझ्या माणसासमोर बसवले आणि आमच्यात जिव्हाळा आहे का हे कुणी लिहून घेऊ लागले, तर मी तरी काय केले असते?

त्याच हिवाळ्यात नागपुरातच झालेल्या एका प्रशिक्षणात मी पहिल्यांदा मायामीच्या न्यायालयाविषयी ऐकले. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या मायामी-डेड परगण्याच्या बाल न्यायालयात सिंडी लेडरमन नावाच्या न्यायाधीश होत्या. छळ किंवा हेळसांड झालेल्या मुलांना आईबापांपासून काढून प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे मुलाला तात्पुरते सांभाळणाऱ्या दुसऱ्या घरात, ठेवण्याची तिथली पद्धत, आणि त्या मुलांत तान्ह्यांचा भरणा मोठा. लेडरमन यांनी न्यू ऑर्लिन्सच्या मानसशास्त्रज्ञ जॉय ओसोफ्स्की आणि मायामी विद्यापीठातल्या लिन कॅट्झ यांना सोबत घेतले आणि बालविकासाचे ज्ञान थेट न्यायालयाच्या कामात आणले. पालकांना ‘पालकत्वाचा वर्ग केला’ एवढ्या प्रमाणपत्रावर सोडायचे नाही, तर आई आणि बाळ एकत्र असताना काय होते ते जाणकार माणसाने पाहायचे, दोघांवर एकत्र काम करायचे आणि मग न्यायाधीशाला सांगायचे, अशी त्या कामाची दिशा होती. पुढे ‘झीरो टू थ्री’ या संस्थेने २००५ पासून हीच कल्पना ‘सेफ बेबीज कोर्ट टीम’ या नावाने अमेरिकेच्या इतर भागांत नेली.

प्रशिक्षणात ऐकताना मला सर्वाधिक भावला तो त्यांचा वेळेचा विचार. तिथल्या सर्वसाधारण नियमानुसार अशा प्रकरणाचा आढावा किमान सहा महिन्यांतून एकदा घ्यावा लागतो. या न्यायालयांनी तीन वर्षांखालच्या मुलांसाठी तो दर महिन्याला घ्यायला सुरुवात केली. दर महिन्याला बाळाशी संबंधित सगळी माणसे एका खोलीत बसतात : आईबाप, प्रतिपालक कुटुंब, वकील, समाजसेवक, बालरोगतज्ज्ञ, व्यसनमुक्तीचे काम करणारा, आणि या सगळ्यांना जोडून ठेवणे हेच ज्याचे काम आहे असा एक समन्वयक. आईची बाळाशी भेट आठवड्यातून अनेकदा, जमल्यास रोज, आणि शक्यतो बाळाच्या दिनक्रमात, म्हणजे भरवताना, आंघोळ घालताना, झोपवताना. प्रतिपालक आईने जन्मदात्या आईला आपल्या बाजूचे मानायचे. यातल्या कोणत्याही गोष्टीला नवा कायदा लागला नाही. होता तोच कायदा त्यांनी बाळाच्या वयाला साजेसा चालवला.

पुढे या न्यायालयांच्या कामाचे जे मूल्यमापन झाले, त्यात ही मुले तुलनेच्या गटातल्या मुलांपेक्षा सुमारे वर्षभर आधी कायमच्या घरी पोहोचल्याचे दिसले. दुसरी एक बाब मला त्याहूनही मोलाची वाटते. तुलनेच्या गटात मुले सर्वाधिक दत्तक गेली होती, आणि या न्यायालयांतली मुले सर्वाधिक आपल्याच आईबापांकडे परतली होती.

हे सगळे जसेच्या तसे आपल्याकडे आणता येईल असे मी म्हणत नाही. आपली समिती हे रूढ अर्थाने न्यायालय नाही. एक अध्यक्ष आणि चार सदस्य यांचे ते न्यायपीठ असते आणि त्याला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. तान्ह्या मुलांसाठी आपल्याकडे प्रतिपालक कुटुंबे जवळजवळ नाहीतच. दत्तक देता येईल अशा मुलाला दीर्घकाळ प्रतिपालक कुटुंबात ठेवू नये असे आपला कायदा म्हणतो, आणि मधल्या काळात सहा वर्षांखालचे मूल शिशुगृहातच जाते. शिशुगृहातल्या मावश्या जीव लावतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. पण त्यांच्या तीन पाळ्या असतात, सुट्ट्या असतात, आणि एकेकीच्या वाट्याला सहा-सात बाळे असतात. बाळाला मात्र त्याच्या रडण्याला दर वेळी ओ देणारे एकच माणूस हवे असते.

याचा सर्वांत कठोर पुरावा रुमानियातून आलेला आहे. बुखारेस्टच्या अनाथालयांतील १३६ मुले, वय सहा ते एकतीस महिने. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तीन शास्त्रज्ञांनी २००० च्या सुमारास चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांतली निम्मी मुले निवडली आणि खास तयार केलेल्या प्रतिपालक कुटुंबांत दिली. उरलेल्यांची व्यवस्था पूर्वीसारखीच राहिली. पुढे वर्षानुवर्षे दोन्ही गटांची पाहणी झाली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि माणसांशी जडणारे नाते दोन्ही सुधारले, आणि साधारण दोन वर्षांचे होण्याआधी जी गेली त्यांचे अधिक सुधारले. प्रशिक्षणातला तो आलेख पाहताना माझे मन त्यावर टिकेना. मी छोटीचे महिने मोजत होते. तिचा चौदावा चालू होता.

आणखी एक विचार त्या दिवशी ऐकला आणि तो माझ्या त्या वाक्याला जाऊन भिडला. बालमनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग यांनी १९७० च्या दशकात मिशिगनमध्ये अशा आयांसोबत काम करताना असे मांडले की आपल्या बाळाचे रडणे जिला ऐकू येत नाही, तिचे स्वतःचे रडणे लहानपणी कुणी ऐकलेले नसते. तिचे ते जुने दुःख कुणी समजून घेतले की तिला बाळाचे रडणे ऐकू येऊ लागते. पुढे ॲलिशिया लिबरमन आणि पॅट्रिशिया व्हॅन हॉर्न यांनी यातूनच आई आणि बाळ यांच्यावर एकत्र करायच्या उपचाराची रीतसर पद्धत घडवली आणि तिची नीट चाचणीही झाली. मला भिंतीकडे पाहत बसलेली छोटीची आई आठवली. तिचे थोपटणारे हात का थांबले, हा प्रश्न मी तिला विचारलाच नव्हता.

मी समितीच्या एका ज्येष्ठ सदस्यांकडे गेले. त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “यासाठी वरून परवानगी लागेल का?” मग स्वतःच म्हणाल्या, “बसून बोलायला कशाला परवानगी लागते?” मार्चच्या एका सकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावले. शिशुगृहाच्या अधीक्षिका आणि रात्रपाळीच्या मावशी, दवाखान्यातले तेच तरुण डॉक्टर, जिल्हा बाल संरक्षण कक्षातले अधिकारी, गावची अंगणवाडी सेविका, आजी, आई आणि मी. नऊ माणसे एका मेजाभोवती बसली. कूलरची मोटार बिघडलेली होती म्हणून खिडक्या उघड्या होत्या आणि बाहेरच्या कडुनिंबाचा मोहोर आत येत होता.

पहिल्या अर्ध्या तासातच झोपेच्या वेळेचा उलगडा झाला. मावशी सहज बोलून गेल्या आणि अधीक्षिका चमकून त्यांच्याकडे पाहू लागल्या. दुपट्याची गोष्टही तिथेच निघाली. डॉक्टरांनी सांगितले की हात पूर्ण भरून आला आहे, पण ती तो वापरत नाही, तिला जवळ घेऊन खेळवणारे कुणी हवे. अंगणवाडी सेविकेने सांगितले की बाप जामिनावर सुटल्यानंतर आजीच्या दारात दोनदा आला, दोन्ही वेळा या मुलीने स्वतः सरपंचांना बोलावले आणि त्याला घरात येऊ दिले नाही. आमच्यापैकी कुणालाही हे ठाऊक नव्हते. आणि आजी, जी तोवर पदराचे टोक चावत गप्प बसली होती, ती म्हणाली, “माही बहीण गिट्टीखदानले राह्यते ना जी. हे तिच्याइथं राह्यली तर रोज येऊ शकते.” पाच महिने एक मुलगी काटोलपलीकडून एसटीने येत होती, तेव्हा बायकांना अर्धे तिकीटही नव्हते, आणि तिची सख्खी मावशी नागपुरात काटोल रोडलाच राहत होती. माझ्या अहवालात नातेवाइकांचा रकाना होता. मी त्यात ‘आजी’ एवढेच लिहिले होते.

आईला बोलते करायला मात्र वेळ लागला. त्या सदस्यांनी तिला विचारले, “बाळ रडते तेव्हा तुला काय होते?” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मले बी लहानपणी असंच मारे. मी रडली का अजून मारे. ते रडली का माहे हातच चालत नाही जी.” तिचा बापही आजीला आणि तिला मारत असे, हे आजीने मान खाली घालून कबूल केले. खोलीत कुणी काही लिहून घेतले नाही. मीही पेन खाली ठेवले होते.

त्या दिवसापासून भेटी आठवड्यातून पाच दिवस झाल्या, सकाळी नऊला, खिमट भरवण्याच्या वेळी. पहिले दोन आठवडे आईने छोटीला उचलायचे नाही, मावशींच्या शेजारी बसून वाटी धरायची, असे ठरले, म्हणजे बाळाला एक ओळखीची मांडी सोडून दुसरीकडे जावे लागणार नाही. शहरातल्या एक समुपदेशक आठवड्यातून एकदा येऊन दोघींजवळ बसत. छोटी रडली की त्या आईला हळूच विचारत, आता तिला काय हवे असेल? उत्तर चुकले तरी चालेल असे सांगत. दर चौथ्या सोमवारी आम्ही नऊ जण पुन्हा बसत होतो. आईला हे जमले नाही तर काय, याचाही विचार त्याच बैठकीत, तिच्यासमोरच झाला. मायामीकडून घेतलेली ही गोष्ट मला सुरुवातीला क्रूर वाटली होती. पण तिच्यामागे ठरवण्यापेक्षा तिच्यापुढे ठरवणे तिला अधिक सोपे गेले, असे तिनेच नंतर सांगितले.

एप्रिलच्या अखेरीस एका सकाळी छोटीने खिमटाचा घास तोंडातून काढला आणि डाव्या हाताने आईच्या ओठांना लावला. मावशींनी मला फोन करून हे कळवले. तपासणी अहवालात या गोष्टीसाठी रकाना नाही, म्हणून मी ती शेवटी ‘इतर’ या शीर्षकाखाली लिहिली आणि तिच्याच वर, तारखेसह, माझे नोव्हेंबरमधले वाक्य चुकीच्या वेळी केलेल्या निरीक्षणावर आधारलेले होते, ते ग्राह्य धरू नये, अशी दुरुस्ती केली.

प्रत्येक मूल परत जावे असे माझे मत नाही. बाप ज्या घरात होता त्या घरात छोटी गेली असती तर मी त्याविरुद्ध लिहिले असते, आणि अशी मुले मी पाहिली आहेत ज्यांच्यासाठी दत्तक घर हेच खरे घर ठरले. माझी तक्रार फक्त एवढीच आहे की ‘हो’ किंवा ‘नाही’ यांपैकी कोणतेही उत्तर शोधण्यासाठी लागणारी माणसे एकत्र बसायला आम्ही पाच महिने घेतले. पाळण्यांच्या खोलीतली इतर मुलेही रोज मोठी होत असतात. त्यांच्या फाइलीही चार टेबलांवर फिरत असतात. आजही ही बैठक कोणत्या एका नियमाने होत नाही. ज्या समितीत असा सदस्य असतो तिथे ती होते. बाल संगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये आज आजीसारख्या घराला मिळू शकतात, ते पैसे लागतातच. पण समन्वयकाचे पद, ज्याचे काम फक्त माणसांना वेळेवर एकत्र आणणे आहे, ते कोणत्याही जिल्ह्यात मी अजून पाहिलेले नाही, आणि तान्ह्या मुलांपुरते तरी ते असावे यासाठी मी जिथे संधी मिळेल तिथे बोलत राहणार आहे.

जूनमध्ये अंतिम आदेश झाला. छोटी आई आणि आजीसोबत गावी गेली. निघताना मावशींनी तिच्या पिशवीत एक निळा नॅपकिन ठेवला. रात्रपाळीत त्या तो खांद्यावर टाकून छोटीला झोपवत असत, आणि तो त्यांनी मुद्दाम धुतलेला नव्हता.

तीन आठवड्यांनी मी पाठपुराव्याच्या गृहभेटीला गेले. पहिला पाऊस होऊन गेला होता आणि संत्र्याच्या बागांतून ओल्या मातीचा वास येत होता. छोटी ओसरीवर झोपली होती. तिच्या एका बाजूला आजीचे दुपटे होते आणि मुठीत तो निळा नॅपकिन, आता चांगलाच मळलेला. आईने माझ्यासाठी चहा ठेवला, बाहेर येऊन तिच्याजवळ बसली आणि नॅपकिनकडे बोट दाखवून हळू आवाजात म्हणाली, “लय घाण झाला हा. धुऊन टाकू का जी, मॅडम?”

मी काही बोलण्याआधीच ती स्वतः म्हणाली, “राहू द्या. अजून हुंगते ते.”